जंगल ‘मृत भूमी’ असते काय?



गेल्या वर्षी शाबान महिन्यातील एका जुम्याची नमाज आटोपून लोक पांगत होते, तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ मिंबरापाशी थांबून राहिले. मूळचे रत्नागिरीकडचे, बरीच वर्षे परदेशात काढून नुकतेच परतलेले. हातात एक लिफाफा होता. आमच्या मशिदीचे पत्रे पावसाळ्यात गळतात, त्यासाठी वर्गणी चालू होती. त्या दिवशीच्या खुत्ब्यात मी हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, या विषयावर बोललो होतो. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, या बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसचा आशय सांगितला होता.

“मौलाना, एक मसला विचारायचा होता,” ते म्हणाले. “बोर्निओत, बिंटुलूच्या जवळ, मी सहा वर्षे अॅल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर होतो. भट्ट्या चालायच्या त्या डोंगरातल्या धरणाच्या विजेवर. माझ्या पाळीत एक कायान पोरगा होता. त्याचे गाव त्याच धरणाखाली गेलेले. आजोबांची कबर पाण्यात आहे म्हणाला. त्या पगारातून मी घर बांधले, मुलीचे लग्न केले. आणि हे थोडे पैसे मशिदीसाठी आणलेत.” लिफाफा पुढे केला, पण सोडला नाही.

मी तो घेतला नाही, आणि उत्तरही दिले नाही. पाहून सांगतो, एवढेच म्हणालो. जमिनीचा, पाण्याचा आणि विजेचा हा मसला वाटला त्याहून खोल निघाला. त्यात आपणा सर्वांना विचार करावा लागेल असे पुष्कळ असल्याने तो येथे मांडतो.

ज्या धरणाविषयी ते बोलत होते, त्याचे नाव बाकुन. बोर्निओ बेटाच्या उत्तर भागात मलेशियाचे सारावाक हे राज्य आहे. तेथील राजांग नदी ही मलेशियातील सर्वांत लांब नदी असून तिच्या वरच्या अंगाच्या फाट्याला बालुई म्हणतात. या बालुईच्या काठी कायान, केन्याह, लाहानान, उकित आणि पेनान हे लोक पिढ्यानपिढ्या राहत आले. त्यांची वस्ती म्हणजे लांबघर: एकाच छपराखाली, खांबांवर उचललेले, ओळीने डझनावारी कुटुंबांचे बिऱ्हाड आणि सर्वांना मिळून एक लांबलचक ओसरी. शेती डोंगरउताराची. जंगलाचा एक तुकडा तोडून, जाळून त्यावर भात पेरायचे, पीक घेऊन तो वर्षानुवर्षे पडीक ठेवायचा आणि रान पुन्हा वाढू द्यायचे. कोकणातील जुन्या लोकांना कुमरी शेती आठवत असेल, तिच्याच जातीची ही पद्धत.

या खोऱ्यात दोनशे मीटरहून उंच धरण बांधण्यात आले. वीजनिर्मितीची क्षमता २,४०० मेगावॅट. जलाशय सुमारे ७०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सिंगापूर या देशाएवढा. त्यासाठी पंधरा लांबघरांतील सुमारे १०,००० माणसे उठवून सुंगाई आसाप या नव्या वसाहतीत नेण्यात आली. तेथे प्रत्येक कुटुंबाला तीन एकर जमीन मिळाली. जंगलात ज्यांच्या पावलांना कधी कुंपण माहीत नव्हते, त्यांना तीन एकर. नवे घरही फुकट नव्हते. त्याची किंमत कुटुंबांवर लावण्यात आली होती.

या हकिकतीतील एक तपशील मी दोनदा पडताळून पाहिला, कारण प्रथम विश्वास बसेना. १९९७ साली आशियाई देशांवर मोठे आर्थिक संकट कोसळले आणि बाकुनचे काम सरकारने स्थगित केले. धरण थांबले. पण माणसे उठवणे थांबले नाही. १९९८ आणि १९९९ मध्ये लांबघरे रिकामी करण्यात आली. जलाशयात पाणी भरण्यास प्रारंभ झाला तो ऑक्टोबर २०१० मध्ये, आणि पहिली वीज निघाली २०११ च्या ऑगस्टमध्ये. मधली बारा वर्षे ती जमीन पाण्याखाली नव्हती, आणि तिच्या माणसांकडेही नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे मला भाग आहे. ती अवघड आहे, पण टाळणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. मलेशियाच्या राज्यघटनेने इस्लामला संघराज्याचा धर्म मानले आहे. सारावाकच्या शासनाचे प्रमुखपद १९७० पासून मुस्लिम नेत्यांकडेच आहे. बालुई खोऱ्यातील बहुतेक आदिवासी ख्रिस्ती आहेत, काही आपल्या जुन्या श्रद्धा पाळणारे. आपली जमीन, आपली वक्फ मिळकत, आपल्या वस्त्या यांवर कोणी हात टाकला की आपल्याला ‘जुल्म’ हा शब्द चटकन आठवतो. पण जेव्हा घेणारा हात कलमा पढणाऱ्याचा असतो आणि देणारा दुसऱ्या धर्माचा, तेव्हा तोच शब्द आपल्या जिभेवर जड होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर करारबद्ध बिगर-मुस्लिमावर अन्याय करणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी आपण स्वतः वादी होऊन उभे राहू, असे बजावले आहे. अबू दाऊदच्या संग्रहातील ही हदीस आपण दुसऱ्यांना इस्लामची सहिष्णुता सांगताना वापरतो. ती मुळात आपल्याला उद्देशून आहे, हे विसरतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ती जमीन कोणाची होती?

सारावाकच्या १९५८ च्या जमीन कायद्यानुसार आदिवासींचा पारंपरिक हक्क मुख्यतः त्या जमिनीवर मान्य होतो, जी त्यांच्या पूर्वजांनी १ जानेवारी १९५८ पूर्वी जंगल तोडून शेतीखाली आणली होती. लांबघराभोवतीचे उरलेले रान, जेथून लाकूड, वेत, फळे, शिकार आणि औषधी येतात, ते कोणाचे, याविषयी न्यायालयांत दीर्घकाळ वाद चालला. २००१ साली तेथील उच्च न्यायालयाने त्या रानावरील हक्क मान्य केला. डिसेंबर २०१६ मध्ये देशाच्या सर्वोच्च पीठाने मात्र निर्णय दिला की तोडून कसलेल्या जमिनीपलीकडच्या रानावरील रूढ हक्काला कायद्याचे बळ नाही. २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून काही मर्यादित क्षेत्रापर्यंत तो हक्क पुन्हा मान्य करण्यात आला.

यातील विपर्यास लक्षात घ्यावा. ज्याने झाड पाडले त्याची मालकी सिद्ध होते, आणि ज्याने राखले त्याची होत नाही. याचा सर्वाधिक फटका पेनान लोकांना बसतो. ते परंपरेने भटके; शेती करत नसत, रानातील साबुदाण्याच्या माडाच्या पिठावर आणि शिकारीवर जगत. त्यांच्यात ‘मोलोंग’ नावाची एक रीत आहे. एखाद्या कुटुंबाला असा माड किंवा फळझाड सापडले की ते त्यावर खूण करून ठेवतात. मग त्याची राखण करायची, पक्व खोड तेवढे घ्यायचे आणि कोवळे फुटवे पुढच्या खेपेसाठी सोडायचे. इतरांनी त्या खुणेचा मान राखायचा. ही मालकी आहे की नाही? खूण आहे, राखण आहे, वारसा आहे, शेजाऱ्यांची मान्यता आहे. नाही ते फक्त कुऱ्हाडीचे घाव.

मदरशात आम्ही ‘कुदूरी’ आणि पुढे ‘हिदाया’ शिकलो, तेव्हा ‘इहयाउल मवात’ म्हणजे मृत भूमी सजीव करणे, हे प्रकरण भराभर उरकले होते. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. त्या गृहस्थांच्या लिफाफ्यामुळे मी ते पुन्हा उघडले. ओसाड, कोणाच्याही मालकीची नसलेली जमीन जो कसून जिवंत करील, ती त्याची, हा नियम प्रेषितवचनावर आधारलेला असून सर्वांना ठाऊक आहे. सारावाकचा कायदा वरवर पाहता त्याच्याशी मिळताजुळता दिसतो: तोडले, पेरले, म्हणून मालकी. पण आपल्या फकीहांनी एक प्रश्न त्याआधी विचारला आहे. मुळात कोणती जमीन ‘मृत’ म्हणायची?

कुदूरीत स्पष्ट म्हटले आहे की वस्तीलगतची जमीन कोणालाही ‘सजीव’ करून आपली करता येत नाही; ती गावकऱ्यांच्या गुरांच्या चराईसाठी आणि खळ्यासाठी तशीच राखली जाते. मग ‘लगतची’ म्हणजे किती? इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी एक साधी कसोटी दिली. वस्तीच्या कडेला उभे राहून हाक मारावी. हाक जेथे पोचत नाही, तेथून पुढे दूरची जमीन. इमाम मुहम्मद (रह.) यांनी अंतराऐवजी वापर पाहिला. गावकऱ्यांचा त्या जमिनीशी असलेला उपयोगाचा संबंध प्रत्यक्षात तुटलेला आहे काय? तुटला असेल तर जवळची जमीनही मृत ठरेल. चालू असेल तर ती मृत नाही.

मी हे वाचून थांबलो. बाराशे वर्षांपूर्वी इराकात बसून लिहिणाऱ्या एका फकीहाने बोर्निओचे जंगल पाहिले नव्हते. पण त्याची कसोटी तेथे लावा. ज्या रानातून रोजचे अन्न येते, ज्याच्या एकेका झाडाला एकेका घराण्याची खूण आहे, त्याच्याशी माणसांचा उपयोगाचा संबंध तुटलेला कोण म्हणेल? त्या कसोटीने ते रान मृत भूमी नव्हे. ते गावाचेच एक अंग आहे. कुदूरीने हेही नोंदवले आहे की मृत भूमी सजीव केल्यास मुसलमानाप्रमाणेच जिम्मीही तिचा मालक होतो. मलेशियात शाफई मजहब चालतो, जसा आपल्या कोकणी मुस्लिमांतही. या शेवटच्या मुद्द्यावर शाफई फकीहांचे मत वेगळे आहे, हे मी लपवत नाही. पण आधीपासून वहिवाटीत असलेली जमीन आणि वस्तीचा ‘हरीम’, म्हणजे तिच्या गरजेचा परिसर, इहयाच्या कक्षेत येतच नाही, यावर त्यांचेही म्हणणे हेच आहे.

येथवर प्रश्न मालकीचा झाला. शासनाची बाजू मात्र वेगळीच असते आणि ती पोकळ नाही. शासन म्हणते, जमीन तुमची असेल. पण वीज सर्वांना हवी. इस्पितळाला, शाळेला, रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाला. दहा हजारांच्या गैरसोयीने लाखोंचे भले होत असेल तर काय करावे? शिवाय कोळसा जाळण्यापेक्षा पाण्याची वीज बरी, असेही आता म्हटले जाते. (उष्ण प्रदेशात बुडालेले जंगल पाण्याखाली कुजून मिथेन वायू सोडते, ही त्या युक्तिवादाची उणी बाजू.) सार्वजनिक हानी टाळण्यासाठी व्यक्तिगत हानी सोसावी, हा नियम फिकहमध्येही आहे. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या संहितेत तो २६ व्या कलमात दिला आहे. तेव्हा ‘मालकाची संमती नाही’ एवढे म्हणून विषय संपत नाही.

या बाबतीत इस्लामी इतिहासातील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते.

पहिली मदीनेतील. हजरत उमर (र.) यांना प्रेषितांची मशीद वाढवायची होती. आड येत होते हजरत अब्बास (र.) यांचे घर. खलीफांनी विकत मागितले, अब्बास (र.) यांनी नकार दिला. वाद हजरत उबय बिन काब (र.) यांच्याकडे गेला आणि त्यांनी खलीफाच्या विरुद्ध निवाडा दिला. मशिदीसाठीसुद्धा, मालक राजी नसेल तर घर घेता येणार नाही. निवाडा हाती आल्यावर अब्बास (र.) यांनी ते घर विनामूल्य देऊन टाकले. आपल्या वाझांमध्ये या प्रसंगातील शेवटचे दान रंगवून सांगितले जाते. मला त्याआधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो, जेव्हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार शाबूत आहे हे ठरले. त्यानंतरच ‘हो’ला किंमत आली.

दुसरी घटना मक्केतील, आणि ती पहिलीच्या उलट दिसते. हिजरी सन १७ मध्ये हजरत उमर (र.) यांनीच काबागृहाभोवतीचा परिसर वाढवला. काही घरमालकांनी विकण्यास नकार दिला, तेव्हा त्यांची घरे पाडण्यात आली आणि किंमत काबागृहाच्या कोषात ठेवण्यात आली. पुढे त्यांनी ती उचलली. म्हणजे सक्तीचे संपादन आपल्या परंपरेत नाही असे नाही. पण उमर (र.) यांनी त्या लोकांना दिलेले कारण इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. काबागृह येऊन तुमच्या दारात बसले नाही. तुम्ही येऊन त्याच्या अंगणात घरे बांधलीत, असा त्याचा भावार्थ.

या कारणाने मला वाट दाखवली. कोण आधी होते? मक्केत काबागृह आधी आणि घरे नंतर. बालुईच्या काठी घरे आधी, थडगी आधी, खुणा केलेली झाडे आधी. धरण सर्वांत शेवटी. उमर (र.) यांचे कारण घेऊन बाकुनला गेलो, तर ते घर पाडणाऱ्याच्या नव्हे, घरातल्याच्या बाजूने उभे राहते.

आधुनिक काळात याच प्रश्नावर इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये, जेद्दाहच्या चौथ्या अधिवेशनात, एक ठराव केला. मलेशिया त्या संघटनेचा सदस्य आहे. सार्वजनिक हितासाठी खाजगी जमीन घेणे त्या ठरावाने काही अटींवर मान्य केले: मोबदला न्याय्य आणि तात्काळ हवा; गरज खरोखर सार्वजनिक हवी, जसे मशिदी, रस्ते, पूल; घेतलेली जमीन गुंतवणुकीच्या कामी लावता कामा नये; आणि वेळेआधी ती घेऊ नये. अटी मोडल्या तर असे संपादन जुल्म आणि बळकावणे ठरते. आणि ज्या कामासाठी जमीन घेतली तेच सोडून दिले, तर ती परत मिळवण्याचा पहिला अधिकार मूळ मालकाचा.

‘वेळेआधी’ या अटीपाशी आल्यावर १९९८ सालची ती रिकामी लांबघरे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. स्थगित धरणासाठी उठवलेली माणसे.

आणि गरज कोणाची होती? बाकुनची कल्पना मांडली गेली तेव्हा वीज समुद्राखालच्या तारांनी शेकडो किलोमीटर दूर मलेशियाच्या मुख्य भूभागावर न्यायची, असे ठरले होते. ती योजना पुढे सोडून देण्यात आली. मग एवढ्या विजेचे गिऱ्हाईक शोधावे लागले. २००८ मध्ये जाहीर झालेल्या औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत बिंटुलूजवळ अवजड उद्योग आले, त्यांत अॅल्युमिनियमच्या भट्ट्याही, कारण ही धातू बनवताना अफाट वीज लागते. आधी धरण ठरले, गरज मागाहून शोधली गेली. एखाद्या भुकेलेल्यासाठी दुसऱ्याचे धान्य घेणे वेगळे, आणि आधी धान्य घेऊन मग भुकेला धुंडाळणे वेगळे.

पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत, अशी हदीस आहे. अग्नी, म्हणजे त्या काळची ऊर्जा. यावरून कोणी म्हणेल की नदी सर्वांची, म्हणून शासनाने अडवली तर बिघडले काय? पण भागीदारीचा अर्थ असा नव्हे की बलवान भागीदाराने दुर्बळाला बाहेर काढावे. हजरत उमर (र.) यांनी सरकारी गुरांसाठी एक कुरण राखीव केले, तेव्हा तेथील रखवालदाराला दिलेली सूचना बुखारीत नोंदलेली आहे. पीडिताच्या बद्दुआपासून सांभाळ. चार उंट, चार शेळ्या असणाऱ्या गरिबाला कुरणात येऊ दे. धनिकांच्या गुरांना मात्र आवर, कारण त्यांची गुरे मेली तर त्यांच्याकडे बागा आणि शेते आहेत, गरिबाची मेली तर तो मुलाबाळांसह माझ्या दाराशी येईल. आणि पुढे ते कबूल करतात की त्या लोकांना आपण अन्याय केल्यासारखे वाटते, कारण ती जमीन त्यांचीच आहे. इस्लामपूर्व काळात ते तिच्यासाठी लढले आणि इस्लाममध्ये आले तेही तिच्यासकट. मला ठाऊक असलेल्या शासकीय आदेशांत असा कबुलीजबाब दुसरा नाही. राखीव कुरण करणारा शासक स्वतःच म्हणतो की जमीन त्यांची आहे.

सूरह निसाच्या २९ व्या आयतीत अल्लाहने परस्परांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे आणि अपवाद ठेवला आहे तो परस्पर राजीखुशीच्या व्यवहाराचा. राजीखुशी विचारल्याशिवाय कळत नाही. बाकुनच्या वेळी विचारण्याचाच मार्ग बंद करण्यात आला होता. केंद्राच्या नियमांनुसार पर्यावरणीय अहवालावर लोकांचे म्हणणे घेणे आवश्यक होते. १९९५ मध्ये आदेश काढून सारावाकमधील अशा प्रकल्पांना, तेही मागील तारखेपासून, त्यातून वगळण्यात आले. तीन लांबघरवासी न्यायालयात गेले. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९९७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. आदिवासींना त्यांच्या मुक्त, पूर्व आणि पूर्ण माहितीवर आधारलेल्या संमतीशिवाय त्यांच्या जमिनीवरून हलवू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात आले, आणि मलेशियाने त्याच्या बाजूने मत दिले. सूरह निसाने हे किती आधी सांगितले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अभिमान बाळगणाऱ्यांच्या राज्यात ते पाळले गेले नसेल, तर तो अभिमान कोणत्या तोंडाने मिरवावा?

मोबदल्याविषयी थोडेच बोलतो. भाताच्या शेताची किंमत ठरवता येते, फळझाडाचीही येते. ज्या नदीच्या वळणांना नावे आहेत, त्या नावांची येत नाही.

या कथेत एक वेगळा प्रसंगही घडला. बाकुननंतर त्याच राज्यात बाराम नदीवर १,२०० मेगावॅटचे धरण योजले होते. सुमारे २०,००० लोक विस्थापित झाले असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथील कायान, केन्याह आणि पेनान लोकांनी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ठाण मांडले. पावसात, चिखलात, दोन वर्षे. आळीपाळीने माणसे येत, जात, पण चौकी सुटली नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री अदनान सातेम यांनी प्रथम काम थांबवले, आणि मार्च २०१६ मध्ये शासनाने ज्या आदेशाने त्या जमिनीवरील आदिवासींचे हक्क संपुष्टात आणले होते, तो आदेशच रद्द करून हक्क परत केले. पुढच्या जानेवारीत अदनान यांचे निधन झाले. राजकारणात हेतू अनेक असतात आणि निवडणूकही तोंडावर होती, हे मी जाणतो. पण तौबेची जी अट हक्कुल इबादच्या बाबतीत फकीहांनी घातली आहे, ती म्हणजे घेतलेले परत करणे. आणि येथे कागदावर का होईना, ते झाले. एका मुस्लिम शासकाने ख्रिस्ती आदिवासींची जमीन परत केली, याची नोंद आपल्या मासिकांत व्हायला हवी होती. माझ्या पाहण्यात ती आली नाही. आता त्या राज्यातील नद्यांवर टप्प्याटप्प्याच्या लहान धरणांची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. लहान धरण म्हणजे लहान प्रश्न, असे मी मानत नाही. रस्त्यावर ठाण मांडणाऱ्यांना आधी विचारले गेले काय, हा प्रश्न आकाराने लहान होत नाही.

हे सारे वाचताना आपल्यापैकी कोणी म्हणेल, बोर्निओ दूर आहे. सातपुड्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी दूर नाहीत. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बाधित झाली आणि त्या धरणाच्या विजेत आपल्या राज्याचा वाटा २७ टक्के ठरला. ज्या दिव्याखाली मी हे लिहीत आहे, त्यातील प्रकाश कोणत्या खोऱ्यातून आला, हे मीटर सांगत नाही.

शेवटी त्या गृहस्थांना काय सांगितले, ते लिहितो. रमजानच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा आले. मी म्हणालो, भाईजान, आपण जमीन घेतली नाही. आपण श्रम विकले, ठरलेली मजुरी घेतली. ती हलाल आहे, घर हलाल आहे, मुलीच्या लग्नात काही किंतु नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग मी लिफाफ्याविषयी बोललो. हे पैसे आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण मनाला टोचते म्हणून द्यायचेच असतील, तर मशिदीला देऊ नका. मालक सापडत नसेल तेव्हा त्याच्या वतीने सदका करायचा असतो. येथे मालक सापडत नाही असे नाही. तो आपल्याच पाळीत होता.

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, “पण मौलाना, तो तर ईसाई आहे.”

मी म्हणालो, हक्क कोणाचा हे विचारा, धर्म नंतर.

त्यांनी लिफाफा पुन्हा खिशात ठेवला. आमच्या मशिदीचे पत्रे अजून गळतात. त्या पोराने नोकरी सोडली आहे. तो आसापला परत गेला की आणखी कुठे, याचा शोध ते जुन्या सोबत्यांना फोन करून घेत आहेत.